हॅकनीची तपकिरी बिटर

हॅकनीतल्या फाइव्ह पॉइंट्स ब्रुअरीची 'बेस्ट' ही बिटर, म्हणजे इंग्लंडची पारंपरिक, शेवटी कडवट लागणारी बिअर, सध्या लंडनमधली माझी सगळ्यात लाडकी बिअर आहे, आणि हे मी अशा शहरात राहून म्हणतेय जिथे आंब्याचा गर घातलेली, पॅशनफ्रूट घातलेली, दुधाची साखर घातलेली अशी हर तऱ्हेची क्राफ्ट बिअर गल्लोगल्ली मिळते. बेस्टमध्ये यातलं काहीही नाही. पाणी, बार्लीचं माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), हॉप्स (कडूपणा आणि वास देणारी एका वेलाची बोंडं) आणि यीस्ट, संपलं. रंग लालसर तपकिरी, अल्कोहोल ४.१ टक्के, वर फेसाचा पातळसा थर. कोणी फोन काढून फोटो घ्यावा असं तिच्यात वरवर काही दिसत नाही. पण अर्धा ग्लास संपेपर्यंत ती जे काही करते ना, ते त्या फळवाल्या बिअरमधल्या एकीलाही जमत नाही असं माझं ठाम मत आहे आणि आज त्यावरच लिहायचंय.

आधी थोडं ब्रुअरीबद्दल. फाइव्ह पॉइंट्स २०१३ साली पूर्व लंडनमध्ये, हॅकनीत सुरू झाली. पाच रस्ते एकत्र येतात असा एक चौक आहे तिथे, त्यावरून नाव, आणि त्याच चौकात पेंबरी टॅव्हर्न नावाचा जुना कोपऱ्यावरचा मोठ्ठा पब आहे, तो २०१८ मध्ये त्यांनीच चालवायला घेतला. हॅकनी डाउन्स स्टेशनवरून चालत अगदी जवळ. आत उंच छत, लाकडी टेबलं, भरपूर उजेड, दुपारी लोक पेपर वाचत बसलेले असतात. मला बेस्ट प्यायची असेल तर मी तिथेच जाते, कारण ही बिअर कुठे पितोय यावर तिची निम्मी चव ठरते. ते का, ते पुढे सांगते.

मागच्या शरद ऋतूत माझा मामेभाऊ पुण्याहून आला होता. त्याला क्राफ्ट बिअरचं चांगलं कळतं, पुण्यातल्या सगळ्या ब्रुअऱ्या त्याने पालथ्या घातल्यात, गव्हाची कुठली चांगली, भरपूर हॉप्सची आयपीए कुणाची बिघडलीय, सगळं तोंडपाठ. पेंबरीत बारवर उभं राहून मी दोन बेस्ट मागितल्या. बारमागच्या मुलीने ग्लास तिरका धरला, तळघरातल्या पिंपातून बिअर वर ओढणाऱ्या हँडपंपचा लांब दांडा अंगाकडे ओढला, एकदा, दोनदा, मग तिसऱ्यांदा सावकाश, आणि ग्लास समोर ठेवला. आतमध्ये छोटे छोटे बुडबुडे वर चढत होते आणि बिअर खालून वर हळूहळू नितळ होत होती, ते बघत उभं राहायला मला फार आवडतं. भावाने ग्लासला हात लावला आणि माझ्याकडे बघितलं. "ताई, ही थंड नाहीये गं."

नाहीये. आणि नसावीच. इंग्लंडची बिटर गरम असते असं जे आपल्याकडे सांगतात ते खरं नाही, ती तळघराच्या तापमानाला असते, साधारण ११ ते १३ अंश. म्हणजे हाताला गारच लागते, फक्त फ्रिजमधून काढल्यासारखी दात आंबवणारी नसते. जीभ बधिर झाली की चव कळत नाही, साधा हिशोब आहे. लागर, म्हणजे आपल्याकडची नेहमीची पिवळी बिअर, तीन-चार अंशांवर देतात त्यामागे कारण आहे, तिच्यात गॅस जास्त असतो, ती तहान भागवायला असते, आपल्याकडच्या उन्हात तर ती तशीच हवी, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण बिटरमध्ये गॅस लागरच्या निम्म्याहूनही कमी. तोंडात टोचत नाही, त्यामुळे जे काही आहे ते सगळं माल्ट आणि हॉप्सनेच करायचं असतं. लपायला जागा नाही.

आता चव. वास घेतला की पहिल्यांदा माल्ट येतं, कडक भाजलेल्या पावाच्या कडेसारखं, त्याच्या मागे किंचित टॉफी. मग हॉप्स. आणि इथे ज्यांना अमेरिकन हॉप्सची सवय आहे ते गोंधळतात, कारण संत्रं, ग्रेपफ्रूट, अननस असलं काही येतच नाही. येतो तो मातीचा, ओल्या लाकडाचा वास, थोडा पुदिन्याकडे झुकणारा. तोंडात पहिला क्षण गोडसर असतो, एकच क्षण, आणि लगेच ती कोरडी पडत जाते आणि गिळून झाल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा उमटतो. हा कडूपणा कारल्यासारखा अंगावर धावून येत नाही, कोवळ्या मेथीच्या भाजीत असतो तसा शेवटी येतो आणि पुढच्या घोटाला बोलावतो. मुद्दा हाच आहे. बिटर ही एक घोट घेऊन 'वा' म्हणायची बिअर नाहीच. पहिल्या घोटाला ती साधी वाटते, चौथ्या-पाचव्या घोटाला कळायला लागतं की गोड आणि कडू यांचा तोल किती बारकाईने सांभाळलाय, आणि ग्लास थोडा कोमट होत गेला की माल्ट आणखी उघडतं, तेव्हा तर मला ती सगळ्यात जास्त आवडते. म्हणून छोट्या टेस्टिंग ग्लासातून चार बिअर शेजारी ठेवून चाखायच्या त्या पद्धतीत बिटर नेहमी हरते. तिथे जी सगळ्यात मोठ्याने ओरडते ती जिंकते. बिटरला अख्खा पाइंट द्या, ५६८ मिली, आणि समोर बोलायला माणूस द्या.

भावाने पहिला अर्धा ग्लास काही न बोलता प्यायला. मग म्हणाला, "संपतेय कधी कळतच नाही."

बेस्टमधले हॉप्स फगल जातीचे, लंडनच्या आग्नेयेला असलेल्या केंट परगण्यातले, टेंटरडनजवळच्या हकिन्स कुटुंबाच्या शेतातले. माल्ट मॅरिस ऑटर. ही दोन्ही नावं इंग्लिश बिअर करणारा माणूस आपल्याकडे कोलम आणि इंद्रायणी म्हणावं तितक्या सहज घेतो. मॅरिस ऑटर ही बार्लीची जात केंब्रिजमध्ये तयार झाली, १९६० च्या दशकाच्या मध्यावर बाजारात आली. पण नव्या जाती एकरी उतारा जास्त देत होत्या, त्यापुढे शेतकऱ्याला ही परवडेना, आणि १९८० चं दशक संपता संपता ती शिफारस केलेल्या जातींच्या यादीतून गेली. संपायचीच, पण ब्रुअर लोक अडून बसले की आम्हाला हीच पाहिजे, जास्त पैसे देऊ पण हीच, आणि मग दोन बियाणं व्यापाऱ्यांनी भेसळ झालेलं बियाणं निवडून शुद्ध करून परत वाढवलं. उताऱ्यावर सगळं मोजायच्या जमान्यात चवीखातर एक वाण टिकलं. आपल्याकडे भाताच्या किती जाती अशा अडून बसणाऱ्या गिऱ्हाइकाअभावी गेल्या याचा विचार केला की पोटात कालवतं.

फगलचं तर आणखी विचित्र आहे. हॉप्सचे वेल असतात, उंच दोऱ्यांवर चढवलेले, आणि त्यांना कागदी पाकळ्यांची पोपटी बोंडं लागतात. एक बोंड तळहातावर चोळलं की आतून पिवळी चिकट पूड निघते, सगळं काही त्या पुडीत असतं. उकळत्या बिअरमध्ये हॉप्स आधी टाकले तर कडूपणा येतो, शेवटी टाकले तर वास टिकतो. फगलमध्ये कडूपणा देणारं आम्ल चार-पाच टक्केच, म्हणजे आजच्या नावाजलेल्या अमेरिकन जातींच्या निम्मंसुद्धा नाही, आणि रोग लवकर पडतो, म्हणून शेतकऱ्याला नकोसा. पण अमेरिकेत ज्या कॅस्केड हॉप्समुळे क्राफ्ट बिअरचं सगळं युग सुरू झालं, १९७२ मध्ये आलेले, त्यांच्या घराण्यात हा फगलच आहे. म्हणजे पुण्यात बसून आपण जी लिंबूवर्गीय वासाची पेल एल पितो तिचं मूळ फिरून केंटच्या मातीत जातं.

आणि हॅकनीच्या ब्रुअरीने केंटचे हॉप्स घ्यावेत यात एक जुना धागा आहे. पूर्व लंडनमधली गरीब कुटुंबं शंभर वर्षं आणि त्याहून जास्त काळ दर सप्टेंबरमध्ये केंटला हॉप्स तोडायला जायची. आई, आजी, पोरं सगळी, भांडीकुंडी अंथरुणं घेऊन, त्यासाठी खास गाड्या सुटायच्या. शेतावरच्या झोपड्यांत राहायचं, दिवसभर वेल खाली ओढून बोंडं तोडायची, संध्याकाळी चुली. मजुरी होती ती, कष्ट होते, पण धुराने भरलेल्या गल्ल्यांतून वर्षातनं एकदा मोकळी हवा मिळायची ती तेवढीच, म्हणून म्हातारी माणसं अजून तिला सुट्टी म्हणतात. १९५०-६० च्या सुमारास यंत्रं आली आणि ते थांबलं. १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये हॉप्सखाली ७० हजार एकरांच्या वर जमीन होती, आता त्यातला अगदी छोटा तुकडा उरलाय. माझ्या शेजारच्या आजी लहानपणी गेलेल्या आहेत, हॉप्सचा रस लागून बोटं काळी व्हायची आणि त्या हाताने भाकरीचा तुकडा खाल्ला तरी कडू लागायचा, असं त्या सांगतात. मला तो कडूपणा ग्लासात ओळखू येतो.

आता तळघराचं. कास्क बिअर म्हणजे ब्रुअरीतून निघते तेव्हा ती पूर्ण झालेली नसते. पिंपात जिवंत यीस्ट असतं आणि शेवटची आंबवणी पिंपातच होते, गॅस जो काही तयार होतो तो तिचा तिने केलेला. फर्किन नावाचं जे नेहमीचं पिंप असतं त्यात नऊ गॅलन, म्हणजे ७२ पाइंट मावतात. ते पबच्या तळघरात आडवं ठेवायचं, हलवायचं नाही, वरच्या बुचात लाकडाची मऊ खुंटी ठोकून जास्तीचा गॅस जाऊ द्यायचा, किती जाऊ द्यायचा ते बघायचं, मग कडक खुंटी ठोकून तो अडवायचा, यीस्ट खाली बसू द्यायचं, तोटी ठोकायची, चाखायची, आणि तयार झाली असं वाटलं तरच वर द्यायची. एकदा पहिला ग्लास काढला की पिंपात हवा शिरते आणि घड्याळ सुरू होतं. तीन दिवसांत संपवली पाहिजे. त्यानंतर ती मलूल होते आणि मग आंबट.

म्हणून म्हटलं की कुठे पितोय त्यावर सगळं आहे. हीच बेस्ट मी एका दुसऱ्या पबात प्यायलेय, नाव घेत नाही, तिथे पिंप बहुतेक आठवडाभर उघडं होतं, ओल्या पुठ्ठ्याचा वास आणि जिभेवर व्हिनेगर. ब्रुअरीने मन लावून केलेलं काम शेवटच्या वीस फुटांत वाया. अशा वेळी ग्लास परत करा, संकोच करू नका, इथे शांतपणे सांगितलं तर बदलून देतात आणि देतातच. आणि घ्यायच्या आधी घोटभर चाखायला मागितली तर कुणी तोंड वाकडं करत नाही.

शाकाहारी वाचकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट, कारण ही कोणी सांगत नाही. पारंपरिक कास्क बिअर नितळ करायला त्यात आयझिंग्लास घालतात, म्हणजे माशाच्या हवेच्या पिशवीपासून काढलेला पदार्थ. तो यीस्टला धरून तळाशी बसतो, ग्लासात नावापुरता येतो न येतो, पण वापरलेला असतो. ही पिशवी आपल्या ओळखीची आहे बरं का. पालघर, सातपाटीकडचे कोळी घोळ माशाचा जो भोत काढतात आणि ज्याला सोन्याचा भाव येतो तो हाच अवयव, तो परदेशात जातो, कुठे सूपला, कुठे औषधाला आणि कुठे वाइन-बिअर नितळ करायला. म्हणून शाकाहारी असाल तर बारवर सरळ विचारा की यात फायनिंग्ज, म्हणजे नितळ करणारे असे पदार्थ, आहेत का. हल्ली बऱ्याच ब्रुअऱ्या न घालता किंचित गढूळ बिअर देतात आणि चवीत त्याने काही बिघडत नाही.

ताकदीबद्दल बोलायलाच हवं, कारण आपल्याकडचा पहिला प्रश्न तोच असतो, स्ट्राँग आहे का. भारतात बिअरचा बहुतेक खप स्ट्राँगचाच आहे, सात-आठ टक्क्यांच्या घरातला, पैसे दिलेत तर चढली पाहिजे असा हिशोब. बिटर त्याच्या बरोब्बर उलट टोकाला उभी आहे. साधी बिटर पावणेचार टक्क्यांच्या आसपास, बेस्ट चारच्या थोडी वर. एकोणिसाव्या शतकातल्या पेल एल यापेक्षा कडक होत्या, लंडन आणि बर्टन या ब्रुअऱ्यांच्या गावाहून जहाजात भरून मुंबई-कलकत्त्याला साहेबांसाठी जायच्या त्या तर नक्कीच. पुढे पहिल्या महायुद्धात धान्य वाचवायचं म्हणून आणि कर वाढले म्हणून इंग्लंडमधल्या बिअरची ताकद खाली आणली गेली आणि ती परत पहिल्यासारखी वर गेलीच नाही. पण त्या मर्यादेतून जे घडलं ते मला फार मोलाचं वाटतं, कमी अल्कोहोलमध्ये भरपूर चव आणायची विद्या. आठ टक्क्यांत चव आणणं अवघड नाही, माल्ट ओतत राहायचं. चार टक्क्यांत बिअर पाणचट लागू द्यायची नाही हे कसब आहे. आणि त्यामुळेच कामावरून सुटल्यावर दोन तास बसून बोलून, पाय न लडखडता घरी जाऊन स्वयंपाक करता येतो.

ही सगळी परंपरा १९६०-७० मध्ये जवळजवळ बुडाली होती. मोठ्या कंपन्यांनी छोट्या ब्रुअऱ्या विकत घेतल्या, पिंपातली जिवंत बिअर सांभाळायला त्रास म्हणून गाळून, पाश्चराइझ करून, वरून गॅस मारलेली केग बिअर आणली. १९७१ मध्ये चार तरुण मित्र आयर्लंडला सुट्टीवर गेलेले असताना त्यांनी याविरुद्ध संघटना काढायचं ठरवलं, तीच कॅमरा. आज तिचे दीड लाखाच्या आसपास सभासद आहेत. पिणाऱ्या गिऱ्हाइकांनी एकत्र येऊन आपल्या आवडीची गोष्ट वाचवली याचं इतकं मोठं उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही. आणि म्हणूनच फाइव्ह पॉइंट्ससारख्या नव्या पिढीच्या ब्रुअरीने बिटर करावी याचं मला इतकं अप्रूप आहे. हॅकनीच्या तरुण गिऱ्हाइकाला केगमधली गढूळ पिवळी आयपीए विकणं सोपं होतं, ती जास्त महाग विकते, जास्त टिकते, आणि तीही ते करतातच. तरी त्यांनी आजोबांची म्हणून हिणवली गेलेली तपकिरी बिअर घेतली आणि ती पूर्ण मनापासून केली.

जुन्यांशी तुलना करायची तर ससेक्समधल्या लुईस गावची हार्वीज ससेक्स बेस्ट आहे, तिच्यात यीस्टचा एक खास फळासारखा आंबटगोड सूर असतो, तो फाइव्ह पॉइंट्समध्ये नाही. यॉर्कशरची टिमथी टेलर लँडलॉर्ड जास्त फुलांच्या वासाची, आणि तिकडे उत्तरेत पंपाच्या तोंडाला बारीक भोकांची टोपी लावून जाड मलईदार फेस आणतात, लंडनमध्ये सहसा तसं नसतं. मला विचाराल तर हार्वीज अजूनही थोरली. पण फगल हा हॉप काय आहे हे एका ग्लासात समजून घ्यायचं असेल तर बेस्टच, कारण तिच्यात त्याचा आवाज मोकळा ऐकू येतो.

पुण्यात २००९ मध्ये दूलालीने महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी काढली तेव्हापासून आपल्याकडचं पाणी बरंच पुढे गेलंय, त्यामुळे माझी तिथल्या ब्रुअर मंडळींना मनापासून विनंती आहे की एकदा चार टक्क्यांची नीट बिटर करून बघा. १२ अंशांची एक खोली, दोन हँडपंप आणि एवढीशी पिंपं लागतील, नऊ गॅलनचंही नको, निम्म्या मापाचं पिन नावाचं पिंप मिळतं, ते शुक्रवारी उघडायचं आणि रविवारपर्यंत संपवायचं. बटाटेवड्याबरोबर, नाहीतर सुक्या जवळ्याच्या चटणीबरोबर ती काय लागेल याची मला इथे बसून कल्पना येतेय. भाऊ परत जाऊन त्याच्या ओळखीतल्या एका ब्रुअरच्या मागे लागलाय, तो ऐकत नाहीये अजून, म्हणतो गिऱ्हाईक विचारेल ही थंड का नाही. तर ज्यांना पुण्यात अशी बिटर प्यायला आवडेल त्यांनी खाली कमेंटमध्ये लिहा, मी सगळ्या कमेंट त्याला पाठवणार आहे.

आणि लंडनला येणार असाल तर पेंबरीत शुक्रवारी किंवा शनिवारी संध्याकाळी जा, तेव्हा खप जास्त असतो, म्हणजे पिंप ताजं असण्याची शक्यताही जास्त. सप्टेंबरच्या शेवटी जमलं तर केंटकडेच जा, तेव्हा न वाळवलेल्या, त्याच दिवशी तोडलेल्या हॉप्सची बिअर तिथल्या पबांत येते, वर्षातनं काही आठवडेच, आणि तिचा वास हिरव्या गवतासारखा असतो.